पाटीची मागची बाजू

ब्रिटा : आजोबा, तुम्ही हरवलात का?

व्हर्लिन : कोण, मी? छे. मी आपला बसलोय.

ब्रिटा : असं तोंडावर विचारू नये, माहितीये मला. पण त्या काचेपलीकडे दोघी उभ्या आहेत ना, हॉकीच्या जॅकेटमधल्या, हमदी आणि ओपल, त्यांनी पैज लावलीय. म्हणाल्या, ब्रिटा, तू अख्ख्या लिटल स्प्रूस गावातली सगळ्यात मवाळ पोरगी आहेस. बाकावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला जाऊन 'हरवलात का' एवढं विचारून दाखव.

व्हर्लिन : म्हातारा कोण?

ब्रिटा : त्या म्हणाल्या तसं. मी वडीलधारे म्हणणार होते.

व्हर्लिन : तू ऑरिन टॉफ्टेची ना? अकॉर्डियनवाली?

ब्रिटा : हो, तीच. विषय बदलू नका हं. दुसऱ्यांदा विचारते. हरवलात का?

व्हर्लिन : तसं काही विशेष नाही.

ब्रिटा : मग मांडीवर बाहुली कशी आली?

व्हर्लिन : हळू बोल जरा. आत्ताच डोळा लागलाय तिचा.

ब्रिटा : आजोबा, ती प्लास्टिकची आहे.

व्हर्लिन : ते मलाही दिसतंय. पण बाईंनी बजावलंय, मानेखाली हात हवा. तो काढायचा नाही.

ब्रिटा : कुठल्या बाईंनी?

व्हर्लिन : त्या खोलीतल्या. पहिलटकरणींचा वर्ग भरलाय तिथे. सगळे जोडीने आलेले, मी एकटाच. बाई म्हणाल्या, या या, उशीर झाला तरी हरकत नाही, ही खुर्ची तुमचीच. आता एवढ्या मायेने खुर्ची दिल्यावर उठून जायचं म्हणजे बरं दिसत नाही.

ब्रिटा : पण तुमचं तर लग्नही झालेलं नाही.

व्हर्लिन : ते कुणी विचारलं नाही. आपले लोक तसे चौकस नाहीत.

ब्रिटा : मग तुम्ही काय केलंत?

व्हर्लिन : श्वास घेतले. आत आणि बाहेर. मग टॉवेलमध्ये गुंडाळायला शिकवलं. ते मला चांगलं जमलं म्हणाल्या. जन्मभर मासे कागदात गुंडाळलेत, पोरी, हात बसलाय. शेवटी म्हणाल्या, आठवडाभर घरी न्या आणि सांभाळा.

ब्रिटा : आता तिसऱ्यांदा विचारते. नियम तुम्हालाही माहितीये. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'कशाला त्रास', आणि तिसऱ्यांदा काय ते खरं. जे कॉफीला चालतं ते हरवण्यालाही चालायला हवं. व्हर्लिन आजोबा, तुम्ही हरवलात का?

व्हर्लिन : थोडासा.

ब्रिटा : हुश्श. थांबा, त्या दोघींना अंगठा दाखवते. हं, सांगा आता. कुठे निघाला होतात?

व्हर्लिन : लायब्ररीत. तुझ्याच बाबांनी पाठवलं. गावाच्या या नव्या सार्वजनिक इमारतीत कधीच न आलेली माणसं हवी होती त्यांना. मी तळ्यापलीकडे राहतो, पुस्तकांच्या वाटेला जात नाही, मी अगदी फिट बसलो. म्हणाले, व्हर्लिन, कुणाला विचारायचं नाही, नुसत्या पाट्या वाचत लायब्ररी शोधायची आणि मला येऊन सांगायचं.

ब्रिटा : आणि तुम्ही काय सांगितलंत?

व्हर्लिन : म्हटलं, पाट्या फार सुबक आहेत. अक्षर मोठं आहे.

ब्रिटा : पण लायब्ररी?

व्हर्लिन : त्यांनी विचारलं, काही अडचण आली का. म्हटलं, छे. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही.

ब्रिटा : एकदाच विचारलं? आमच्या बाबांनी?

व्हर्लिन : एकदाच. हातात दाराच्या किल्ल्या होत्या, घाईत असतील. माझ्या आधी ती पोस्टातली ग्लॅडिस आली होती. तिला पोहण्याचा तलाव शोधायला लावला होता. तीही म्हणाली, झकास आहेत पाट्या.

ब्रिटा : तलाव मिळाला तिला?

व्हर्लिन : केस तर कोरडे होते. हातात कणीक होती.

ब्रिटा : अरे देवा. आजोबा, सोमवारी बाबा या पाट्यांची ऑर्डर पाठवणार आहेत. या पुठ्ठ्याच्या आहेत, इमारत उघडली तेव्हा तात्पुरत्या म्हणून टांगल्या. आता ह्याच धातूत होणार. एकदा झाल्या की तुमची नातवंडं म्हातारी होईस्तोवर हलायच्या नाहीत.

व्हर्लिन : मला नातवंडं नाहीत.

ब्रिटा : मांडीवर आहे ती कोण मग?

व्हर्लिन : तेही खरं.

ब्रिटा : आणि बाबांचं हे पहिलं मोठं काम आहे. आधी ते मक्याच्या शेतावरच्या आणि चीजच्या दुकानांच्या पाट्या करायचे. आता गाडी चालवता चालवता सुद्धा गावभर बाण दाखवत फिरतात. बरं, उठा. तुम्ही आत कुठल्या दाराने आलात?

व्हर्लिन : दाराने म्हणजे? दारानेच.

ब्रिटा : पुढच्या की मागच्या?

व्हर्लिन : पुढच्या दाराने कोण येतं? पुढचं दार पाद्रीबाबांना आणि विमा विकणाऱ्यांना. शिवाय गाडीचा प्लग मागे आहे. या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून विजेची वायर लावली नाही तर घरी काय चालत जाऊ, लेकराला घेऊन?

ब्रिटा : बरोबर. मीही मागूनच येते. सगळेच मागून येतात. आता वर बघा. छतापासून पाटी टांगलीय. आपण मागच्या दाराकडून बघतोय. लायब्ररीचा बाण कुठे?

व्हर्लिन : डावीकडे.

ब्रिटा : आता पाटीखालून पलीकडे या. वळा. आता पुढच्या दाराने आल्यासारखे बघताय तुम्ही. लायब्ररीचा बाण कुठे?

व्हर्लिन : डावीकडे.

ब्रिटा : बघा.

व्हर्लिन : काय बघू? तुमच्याकडे दोन लायब्रऱ्या आहेत?

ब्रिटा : नाही हो. तुम्ही फिरलात, म्हणून तुमचा डावा हातही फिरला. लायब्ररी आहे तिथेच आहे. पाटीच्या दोन्ही बाजूंना एकच छापलंय. पुढून आलं की सगळं बरोबर, मागून आलं की सगळं उलटं. आणि पुढून कुणी येतच नाही.

व्हर्लिन : म्हणजे आख्खं गाव उलटं जातंय?

ब्रिटा : आख्खं गाव. आणि जिथे पोचतं तिथेच बसतं, कारण उठणं बरं दिसत नाही.

व्हर्लिन : तरीच. तुमच्या अकॉर्डियनच्या वर्गातला मिल्टन आहे ना, तो मला म्हणाला होता की मासेमारीचा परवाना काढायला गेलो आणि अकॉर्डियनवर पोल्का नाचाची धून शिकून आलो. मला वाटलं, थट्टा करतोय.

ब्रिटा : थट्टा नाही. आम्हाला शिकवणाऱ्या ट्वायला बाईंना वाटतं की गावात अकॉर्डियनची लाट आलीय. त्या आता दुसरी खोली मागताहेत. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना काही तरी भलतंच हवं होतं. एक जोडपं लग्नाची नोंद करायला आलं होतं. अजून लग्न नाही झालं, पण दोघं मिळून वॉल्ट्झ वाजवतात.

व्हर्लिन : तू बरीक मनापासून वाजवतेस हं. ख्रिसमसला चर्चमध्ये ऐकलं मी.

ब्रिटा : कुणाला सांगणार नाही?

व्हर्लिन : कुणाला सांगू? ही अजून बोलत नाही.

ब्रिटा : मी हॉकीत नाव घालायला आले होते. इमारत नवीकोरी होती. मागून आले, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकचा बाण बघून गेले, दार उघडलं, तर ट्वायला बाईंनी माझ्या मांडीवर अकॉर्डियन ठेवलं. म्हणाल्या, तुझीच वाट बघत होतो. तेव्हा मी अशी नव्हते, आजोबा. तेव्हा मी चुकून पाय पडला तर खुर्चीलाही सॉरी म्हणायचे. मग बाबांनी घरी सुरांची वही ठेवायला लाकडी स्टँड बनवला. आई प्रत्येक कार्यक्रमाला रडते. मग बोलायचं राहून गेलं.

व्हर्लिन : राहून जातं खरं.

ब्रिटा : आता हमदी आणि ओपलच्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे. सोमवारपर्यंत धरून ठेवतील. म्हणाल्या, त्या माणसाला विचारशील तर घरीही बोलशील. नाहीतर वाजव पोल्का जन्मभर.

व्हर्लिन : आणि बोललीस तर बाबांच्या पाट्यांचं काय?

ब्रिटा : तेच तर. पाट्यांचं सांगायलाच हवं, ते सांगेन मी. पण मी स्वतःसुद्धा त्यांच्याच बाणाने चुकले, हे कसं सांगू?

व्हर्लिन : मला विचारून उपयोग नाही. मी पुढच्या शनिवारी परत येणार आहे. आंघोळ शिकवायची आहे म्हणाल्या.

(त्याच संध्याकाळी, टॉफ्टेंच्या स्वयंपाकघरात. टेबलावर गरम हॉटडिश, म्हणजे वर बटाट्यांचा थर देऊन भट्टीत भाजलेलं जेवण. फडताळावर, खिडकीत आणि फ्रिजवर लाकडी बदकं.)

बाबा : आजची चाचणी तशी वाईट नाही झाली.

आई : ऐकलंस, ब्रिटा? बाबा 'वाईट नाही' म्हणताहेत. आमचं लग्न झालं त्या दिवशीही एवढंच म्हणाले होते.

बाबा : सगळे म्हणाले, पाट्या छान. एकाचीही तक्रार नाही. ग्लॅडिस तर जाताना मला पाव देऊन गेली. तलावावर पाव कुठून आणला कोण जाणे. सोमवारी सकाळी ऑर्डर पाठवतो.

ब्रिटा : बाबा, तुम्ही त्यांना किती वेळा विचारलंत?

बाबा : काय किती वेळा?

ब्रिटा : अडचण आली का, हे.

बाबा : एकदा. शास्त्रशुद्ध चाचणी होती ती. माणसाला कोपऱ्यात गाठून छळायचं नसतं.

ब्रिटा : तुम्ही कॉफी एकदाच विचारता का कुणाला?

बाबा : एकदाच? काय रानटी आहे का मी?

ब्रिटा : मग? ते सगळे पहिलं 'छे' म्हणाले आणि तुम्ही तेच खरं धरलंत. व्हर्लिन आजोबांना मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाले, थोडासा हरवलो. ते लायब्ररीऐवजी पहिलटकरणींच्या वर्गात जाऊन बाळ घेऊन आलेत.

आई : कुणाचं बाळ?

ब्रिटा : प्लास्टिकचं. ग्लॅडिस तलावाऐवजी पाव भाजायला गेली, म्हणून पाव. बाबा, तुम्ही पाटीच्या दोन्ही बाजूंना एकच छापलंय.

बाबा : अर्थात. दोन्हीकडून सारखं दिसायला हवं. नीटनेटकं.

ब्रिटा : ही मीठदाणी म्हणजे लायब्ररी. तुम्ही माझ्यासमोर बसलाय. माझ्या कुठल्या हाताला आहे?

बाबा : डाव्या.

ब्रिटा : आणि तुमच्या?

बाबा : उजव्या... हं.

आई : ऑरिन, जरा पाणी पी.

बाबा : पण मी पुढच्या दारापासून सगळं मोजलं होतं. ती काचेची दारं, तो जिना, तिथून माणूस आत येतो, डोळे वर करतो आणि...

ब्रिटा : तुम्ही स्वतः कुठून जाता?

बाबा : मी मागून जातो. गाडीचा प्लग तिकडे आहे.

ब्रिटा : बाबा.

बाबा : मी काय पाहुणा आहे का पुढून जायला? हं. हं. म्हणजे, मी ती पाटी पाहुण्यांसाठी केली.

आई : छान केलीस. पाहुण्यांची सोय झाली. कधी आले तर.

बाबा : पण कुणी तरी बोललं असतं. एवढे दिवस ती टांगलीय. लोर्ना, तू तर दर बुधवारी जातेस. तू कधी हरवलीस का?

आई : छे. मी कशाला हरवते?

बाबा : बघ, ब्रिटा. ही कधी...

ब्रिटा : पुन्हा विचारा.

बाबा : लोर्ना, खरंच नाही हरवलीस?

आई : मी काही म्हणत नाही. असतं आपलं इकडे तिकडे. तू हॉटडिश घे ना, वरचे बटाटे मऊ पडतील.

बाबा : लोर्ना. तिसऱ्यांदा विचारतोय.

आई : ऑरिन, मी योगाला निघाले होते.

बाबा : कधी?

आई : पहिल्याच बुधवारी. योगाचा बाण बघितला, तुझा बाण, अभिमानाने गेले. दार उघडलं तर सगळे लाकूड तासत बसलेले. म्हटलं, हा नवा प्रकार असेल. मग त्यांनी हातात चाकू दिला आणि म्हणाले, चोचीपासून सुरू करा.

बाबा : म्हणजे ही सगळी बदकं...

आई : ही सगळी बदकं.

बाबा : मला वाटलं, तुला बदकं आवडतात.

आई : मला वाटलं, तुला आवडतात. तू प्रत्येक वेळी म्हणतोस, हे मागच्यापेक्षा वेगळं आहे.

बाबा : मला काही तरी म्हणायचं होतं. न्हाणीघरात सुद्धा आहेत, लोर्ना. ती माझ्याकडे बघतात.

ब्रिटा : तुमच्यामागचं तर रोज माझ्याकडे बघतं.

आई : तो डोळा जरा बिघडलाय. त्या दिवशी खोलीत अकॉर्डियनचा आवाज फार येत होता.

बाबा : थांबा. थांबा जरा. म्हणजे गावातला प्रत्येक माणूस चुकीच्या खोलीत आहे. आणि त्याला मी तिथे पाठवलंय.

आई : असं नको म्हणूस. पुढून आलेला एखादा असेल की.

बाबा : कोण? विमावाला? मी धातूत करणार होतो हे, लोर्ना. भिंतीत बोल्ट मारून. आणि आत जाणारा प्रत्येक जण मला बाहेर येऊन म्हणाला असता, छान आहेत.

ब्रिटा : पण अजून झाल्या नाहीत ना. मागची बाजू उलटी करायची. एवढंच.

बाबा : एवढंच नाही. मागचं दार म्हणजे पहिलं दार, असं धरून सगळं पुन्हा मांडायला हवं. तिथे एक पाटी, थेट प्लगांपाशी. लोक वायर लावताना वाकतात, तेव्हा डोळ्यांसमोर. आणि खोल्यांच्या दारांवरही. जमेल. सोमवार पुढे ढकलता येईल. पाट्यांचं जमेल. पण माणसांचं कसं होणार? त्यांना परत कुठे नेऊन सोडू?

आई : ज्याचा तो जाईल. नाहीतर बसेल. मला आता बदकांची थोडी सवय झालीय, खरं सांगायचं तर.

बाबा : नाही, एक मात्र आहे. एक जण तरी बरोबर पोचलं. आपली ब्रिटा.

ब्रिटा : बाबा...

बाबा : तो दिवस मला आठवतो. पाट्या टांगल्याला आठवडाही झाला नव्हता. तू एकटी गेलीस, कुणाला विचारलं नाहीस, लाजरी पोर, आणि येताना हातात अकॉर्डियन. मी त्या रात्री तुझ्या आईला म्हटलं, लोर्ना, माझ्या बाणाने आपल्या मुलीला तिची वाट दाखवली.

आई : म्हणाला होता. नाक पुसत म्हणाला होता.

बाबा : सर्दी होती. पण बाकी सगळं गाव चुकलं तरी चालेल, तेवढं एक आहे माझ्याकडे.

ब्रिटा : आई, मी वाजवते तेव्हा तू का रडतेस?

आई : अगं, असंच. सूर असतात ना ते. एकदम कानाशी येतात.

ब्रिटा : का रडतेस?

आई : डोकं जरा ठणकतं. विशेष काही नाही.

ब्रिटा : तिसऱ्यांदा विचारू?

आई : नको, बाळा. जेव तू.

ब्रिटा : आणि बाबा, मी रियाजाला बसले की तुम्ही बर्फ काढायला बाहेर जाता.

बाबा : बर्फ साचतो फार आपल्याकडे.

ब्रिटा : जुलैमध्ये?

बाबा : एकदा सुरुवात केली की सवय लागते. वाजव तू. तुला आवडतं ना, मग झालं. आवडतं ना तुला?

आई : ऑरिन, तिला अजून थोडं वाढ. वाढू, ब्रिटा?

ब्रिटा : नको, आई. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचंही आत्ताच सांगते, नकोय. बाबा, तुम्हीही एकदाच विचारलंत तेवढं पुरे. नाही आवडत. मी त्या दिवशी रिंककडे निघाले होते. तुम्ही बनवलेला स्टँड मला खूप आवडतो, तो माझ्या खोलीतच राहील, त्यावर हेल्मेट ठेवेन. आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारी शाळा सुटली की मी हॉकीत नाव घालायला जाणार. मागच्या दारानेच येईन, बाबा. तेवढा पाटीच्या मागच्या बाजूचा बाण फिरवून ठेवा.